पेशी चिकटल्या आहेत, तर सोडवता येणार नाहीत का?

वाचकाचं पत्र : आमचा ढब्बू दहा वर्षांचा लॅब्राडॉर. पावसाळ्यापासून अंगाला खाज, कोंडा, मग पोटावर लाल चट्टे. ॲलर्जी म्हणून गोळ्या झाल्या, बुरशी म्हणून शाम्पू झाला. दिवाळीनंतर नाकाचा काळा रंग जाऊन ते गुलाबी पडलं आणि खालचा ओठ एका बाजूला सुजून जाड झाला. तेव्हा बायोप्सी केली. ‘एपिथेलिओट्रॉपिक लिम्फोमा, टी-सेल, मायकोसिस फंगॉइडिस’ असं आलंय. मुलाने वाचून सांगितलं की यात पांढऱ्या पेशी कातडीच्या पेशींना जाऊन चिकटतात. मग त्यांना सुटं करणारं औषध नाही का? डॉक्टर कीमोच्या, लोमुस्टिन नावाच्या कॅप्सूल देऊ म्हणतात. घरात चार वर्षांचा नातू आहे आणि मनी नावाची दुसरी कुत्री आहे. सासूबाई म्हणतात, कुत्र्याचा कॅन्सर कुत्र्याला लागतो. काय करू? – एक वाचक, सांगली

ताई, नातवाचं आधी सांगतो, कारण पत्रातला निम्मा ताण तिथलाच आहे. ढब्बूचा हा आजार नातवाला लागत नाही, तुम्हाला लागत नाही आणि मनीलाही लागत नाही. सासूबाई अगदीच चूक बोललेल्या नाहीत. कुत्र्यांत एक लागणारा कॅन्सर खरोखरच असतो आणि आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत तो सर्रास दिसतो. जननेंद्रियावर रक्ताळलेली गाठ येते आणि त्या गाठीच्या जिवंत पेशीच मिलनातून किंवा चाटण्याहुंगण्यातून दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात रुजतात. व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी तो बहुतेक वेळा बराही होतो. ढब्बूच्या कातडीतल्या पेशी मात्र त्याच्या स्वतःच्या आहेत. त्या दुसऱ्याच्या अंगात जगत नाहीत. नातू त्याच्याशेजारी बसला तर बसू दे. फुटलेल्या चट्ट्यांना हात लागला तर साबणाने धुवायचा, तेही तिथे जंतू वाढलेले असतात म्हणून. आणि रिपोर्टमधल्या ‘फंगॉइडिस’वरून पुन्हा बुरशीच्या औषधांकडे वळू नका. बुरशीचा यात काही संबंध नाही. हे नाव उणीपुरी दोनशे वर्षं जुनं आहे, आलिबेर नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने ते माणसांवरच्या गाठींना दिलं.

उशीर झाला म्हणून तुम्ही स्वतःवर आणि डॉक्टरांवर चिडला असाल. हा आजार सुरुवातीला हुबेहूब ॲलर्जीसारखा दिसतो. लाली, खाज, कोंडा, वर जंतूंची भर. स्टेरॉइड दिलं की थोडं बरंही वाटतं, त्यामुळे सगळेच फसतात. तरी माझं मत स्पष्ट सांगतो. आयुष्यभर कातडी ठणठणीत असलेल्या कुत्र्याला नवव्या-दहाव्या वर्षी पहिल्यांदा खाज सुटली आणि दोन-तीन औषधांनी गेली नाही, तर बायोप्सी तेव्हाच घ्यायला हवी. हे बाकीच्या वाचकांसाठी. तुमच्या बाबतीत आता एकच गोष्ट तपासायची आहे. ॲलर्जीच्या म्हणून चाललेल्या गोळ्यांत ऑक्लासिटिनिब आहे का ते पाहा. असेल तर आजच डॉक्टरांशी बोला. ती गोळी प्रतिकारशक्तीचे काही संदेश अडवून खाज थांबवते, आणि अंगात कॅन्सर असताना तो वाढण्याची भीती असल्याने ती देत नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मला तो फार आवडला, आणि त्याचं उत्तर ‘औषध नाही’ एवढ्या दोन शब्दांत देणं बरोबर नाही.

बायोप्सीची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की वरती कातडीच्या सर्वांत बाहेरच्या थराची, एपिडर्मिसची, एक पट्टी दिसते. कुत्र्याच्या केसाळ भागात ही पट्टी फार पातळ असते, जिवंत पेशींचे जेमतेम तीन ते पाच थर. त्यात एरवी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींची एक जात; टी-पेशी हा तिचाच एक प्रकार) शोधावी लागते. ढब्बूसारख्या रुग्णात त्या पट्टीत गोल, गडद, वेड्यावाकड्या केंद्रकाच्या लिम्फोसाइट घुसलेल्या दिसतात. काही तळाच्या ओळीवर एकीला लागून एक अशा बसलेल्या, काहींचे पाच-दहाचे पुंजके. या पुंजक्यांना पॉट्रिएचे सूक्ष्म गळू म्हणतात, पण त्यात पू नसतो. कुत्र्यांत त्या एवढ्यावर थांबत नाहीत. केसांच्या मुळाभोवतीच्या भिंतीत आणि घामाच्या ग्रंथींतही त्या शिरतात. ढब्बूचे केस का विरळ झाले, कोंडा का झडतोय, हे त्या काचेवरच वाचता येतं. नाकाचंही तसंच. काळा रंग बनवणाऱ्या पेशी एपिडर्मिसच्या तळाच्या ओळीत असतात. नेमक्या तिथे या येऊन बसल्या की रंगपेशी मरतात, रंगाचे कण खाली गळतात आणि नाक गुलाबी पडतं.

त्या तिथवर पोचतात कशा? इथे एकापाठोपाठ एक अशा पकडींची साखळी आहे. लिम्फोसाइट रक्तातून वेगाने चाललेली असते. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर, विशेषतः तिथे दाह असला की, ई-सिलेक्टिन नावाचं प्रथिन उगवतं. कातडीकडे जाणाऱ्या लिम्फोसाइटच्या अंगावर त्याला धरणारी साखरेची खूण असते. ही पकड कच्ची. चालत्या एसटीत दाराकडे सरकणारा माणूस जसा एक दांडा सोडत दुसरा धरत जातो, तशी पेशी भिंतीवरून धरत-सोडत गडगडत राहते. तेवढ्यात कातडीतून येणारे केमोकाइन नावाचे रासायनिक संदेश तिला मिळतात. त्यातला सीसीएल-२७ तर कातडीच्या केराटिनोसाइट पेशीच बनवतात. तो संदेश वाचणारा ग्राहक (रिसेप्टर) पेशीवर असतो, आणि संदेश लागला की तिच्या अंगावरची दुसरी, पक्की पकड जागी होते. तिचं नाव एलएफए-१. हे इंटेग्रिन घराण्यातलं प्रथिन दोन साखळ्यांचं बनतं, सीडी-११ए आणि सीडी-१८. ते भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतं, पेशी थांबते, चपटी होते आणि भिंतीच्या फटीतून कातडीत उतरते.

एपिडर्मिसमध्ये शिरल्यावर पुन्हा हीच जोडी कामाला येते. शांत कातडीच्या पेशींवर आयकॅम-१ जवळजवळ नसतं. पण टी-पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन त्यांच्यावर पडलं की त्या ते अंगावर मिरवू लागतात, आणि पुढच्या टी-पेशीला धरायला जागा होते. ती पेशी आणखी इंटरफेरॉन सोडते. चक्र सुरू. दुसरी जोडी मला जास्त धूर्त वाटते. कातडीच्या पेशी एकमेकींना ज्या ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असतात, त्यालाच धरणारं सीडी-१०३ नावाचं इंटेग्रिन एपिडर्मिसमध्ये राहणाऱ्या टी-पेशींवर असतं. म्हणजे कातडी एकसंध राहावी म्हणून जी व्यवस्था आहे, त्याच व्यवस्थेत या पेशी हात घालून बसतात.

यातलं काहीही कॅन्सरने नव्याने शोधलेलं नाही, हे लक्षात घ्या. जखम झाली, जंतू शिरले की निरोगी टी-पेशी याच वाटेने येतात, काम करतात आणि बहुतेक मरून जातात. लिम्फोमात येण्याची वाट तीच, फक्त पेशी मरत नाहीत आणि वाढत राहतात. शिवाय चिकटून बसण्यात त्यांचा फायदा असतो. केराटिनोसाइट आयएल-१५सारखी प्रथिनं बनवतात, आणि माणसांतल्या या आजारात ती टी-पेशींना जगायला मदत करतात असं दिसलं आहे.

वरचं बरंचसं ज्ञान माणसाच्या कातडीवरून आणि उंदरांवरून आलेलं आहे. कुत्र्याच्या पेशींवरची हीच प्रथिनं ओळखायची तर कुत्र्यासाठीची वेगळी प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटणारी प्रथिनं) लागतात. त्यातलं मोठं काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पीटर मूर यांच्या प्रयोगशाळेत झालं. कुत्र्यांच्या या लिम्फोमात आयकॅम-१ आणि एलएफए-१च्या कुळातली इंटेग्रिनं १९९० च्या दशकातच तपासली गेली होती. माणूस आणि कुत्रा यांत एक ठळक फरकही कळला. माणसांत या आजारातल्या टी-पेशी बहुतांशी सीडी-४ जातीच्या, कुत्र्यांत बहुतांशी सीडी-८ जातीच्या. दुसरा फरक तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. माणसांत आजार पुढे जाऊन गाठी झाल्या की पेशी अनेकदा एपिडर्मिसची ओढ सोडतात आणि खोल उतरतात. तिथे सुटणं हे आजार बळावल्याचं लक्षण मानतात. कुत्र्यांत मात्र गाठी झाल्यावरही ही ओढ सहसा टिकून राहते.

तेव्हा सुटं करणारं औषध. असं औषध एकदा बाजारात आलं होतं, माणसांसाठी. एफालिझुमॅब. एलएफए-१च्या सीडी-११ए या साखळीला झाकून टाकणारं प्रतिपिंड. २००३ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी त्याला मान्यता मिळाली आणि कातडीत शिरणाऱ्या टी-पेशी खरंच कमी झाल्या. पण पेशी मेल्या नव्हत्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा चढायचा, कारण बाहेर पडायची वाट बंद. पुढे काही रुग्णांना मेंदूचा एक जीवघेणा विषाणूसंसर्ग झाला. टी-पेशींचा पहारा जिथे हवा तिथेही पोचत नव्हता. २००९ मध्ये औषध मागे घेतलं गेलं.

कुत्र्यांत हाच प्रयोग निसर्गाने करून ठेवला आहे. आयरिश सेटर जातीत काही पिल्लं सीडी-१८मध्ये दोष घेऊन जन्मतात. १९९९ मध्ये त्यामागचा जनुकातला बदल सापडला. या पिल्लांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, पण भिंत धरता येत नाही म्हणून जखमेपर्यंत पोचत नाहीत. हिरड्या सडतात, ताप हटत नाही, जखमेत पूसुद्धा नीट होत नाही, आणि उपचार नसतील तर पिल्लं लहानपणीच जातात. चिकटणं सरसकट बंद केलं की हे होतं. आधीच जंतूंनी खाल्लेल्या कातडीच्या म्हाताऱ्या ढब्बूला ते परवडणारं नाही. शिवाय सुटलेल्या लिम्फोमाच्या पेशी जाणार कुठे? रक्तात, लसिकाग्रंथींत, यकृतात. मला विचाराल तर त्या कातडीत अडकलेल्या आहेत तोवर आपल्याला निदान दिसतात तरी.

माणसांत २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या मोगामुलिझुमॅब या औषधाने वेगळा रस्ता धरला. पेशीला कातडीचा पत्ता सांगणारा सीसीआर-४ हा ग्राहक ते ओळखतं, आणि ती खूण धरून पेशीला शरीराच्या इतर पेशींकडून मारून टाकतं. सोडवत नाही, मारतं. ढब्बूसाठी ते नाही, तेव्हा मुलाला इंटरनेटवर त्याची किंमत शोधायला लावू नका.

आणि तुम्ही मागताय त्यातलं थोडं काम करणारी एक जुनी, स्वस्त गोळी तुमच्या औषधांच्या डब्यात बहुधा आधीच आहे. प्रेडनिसोलोन. स्टेरॉइडने लिम्फोसाइट मरतात, हे एक. रक्तवाहिनीच्या भिंतीवरची ई-सिलेक्टिन आणि आयकॅम-१ कमी होतात, हे दुसरं. खाज उतरते ती या दोन्हींमुळे. एकट्या प्रेडनिसोलोनवर हा आजार फार काळ थांबत नाही. पण कीमो नको असं तुम्ही ठरवलंत, तर त्याच्यावर काही आठवडे-महिने ढब्बूला आराम देता येतो, आणि तसं ठरवणाऱ्याला मी कधी कमी लेखत नाही.

लोमुस्टिन द्यावं का? माझं उत्तर : द्या, पण आधी रक्ताची पूर्ण तपासणी, यकृताचे आकडे, पोटाची सोनोग्राफी आणि सुजलेल्या लसिकाग्रंथीतून सुईने नमुना एवढं करून घ्या. आजार कातडीपुरता आहे की आत गेला आहे, त्यावर अपेक्षा ठरतात. ओठावर एकच डाग असता तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा विचार केला असता. ढब्बूला पोट, नाक, ओठ सगळीकडे आहे. बहुतेक कुत्र्यांत लोमुस्टिनने चट्टे उतरतात, खाज जाते, कुत्रा पुन्हा झोपायला लागतो. पण हे टिकतं काही महिने. हातात साधारण अर्धं वर्ष आहे असं धरून चाला. काही कुत्री वर्षाच्या पुढेही जातात, काही दोन महिन्यांतच हरतात. बरा करणारा उपचार आज कुठेच नाही. कुणी तसा शब्द देत असेल तर पैसे देऊ नका.

कॅप्सूल तोंडाने, साधारण तीन ते चार आठवड्यांनी एकदा. डोस किलोवर ठरत नाही, अंगाच्या क्षेत्रफळावर ठरतो. तीस किलोच्या कुत्र्याचं ते सुमारे एक चौरस मीटर येतं, तेव्हा त्याचं आजचं वजन करूनच डोस काढायला सांगा. कॅप्सूल फोडायची नाही, अर्धी करायची नाही, पेढ्यात कालवायची नाही. हातमोजे घालून अख्खी घशात, वर पाणी. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हात लावायचा नाही. पुढचे दोन-तीन दिवस त्याची शी-शू आणि ओकारी हातमोज्यांनीच काढा, अंगणात पाणी मारा आणि नातवाला तेवढे दिवस त्या कोपऱ्यापासून लांब ठेवा. यकृताचे आकडे प्रत्येक डोसआधी बघायचे. लोमुस्टिन यकृताला मुकाट्याने त्रास देतं, आणि कुत्रा कावीळ होईपर्यंत तक्रार करत नाही.

सांगलीत सगळं जमत नसेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ, नाहीतर मुंबईत परळ. निघण्याआधी फोन करून कुठली चाचणी कोणत्या दिवशी होते ते विचारा, आणि बायोप्सीचा मेणाचा ठोकळा लॅबकडून मागून सोबत न्या. पुढे पेशींची जात तपासायची झाली तर त्यातूनच होते, ढब्बूला पुन्हा टोचावं लागत नाही.

करडईच्या तेलाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सांगेलच. लिनोलिक आम्ल भरपूर असलेलं करडईचं तेल या आजारात कुत्र्यांना पाजून पाहिलं गेलं होतं. प्रयोग छोटा होता, काहींचे चट्टे कमी झाले. प्रेडनिसोलोनवर असलेल्या, जाड लॅब्राडॉरला जास्त तेल म्हणजे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका. मी त्याच्या मागे लागणार नाही. कडुलिंबाचा पाला, हळदीचा लेप, लिंबू, टी-ट्री तेल यातलं काही लावू नका. झोंबतं, तो चाटतो, आणि टी-ट्री तेल तर कुत्र्याला विषारी आहे. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, दहा मिनिटं तसाच ठेवून कोमट पाण्याने धुवायचा आणि अंग घासायचं नाही, टिपायचं. दुर्गंधी किंवा पिवळट पापुद्रे आले तर तो जंतूंचा कारभार आहे, त्याला वेगळी औषधं. रंग गेलेलं नाक उन्हात भाजतं, म्हणून मार्च लागला की दुपारी त्याला घरात घ्या. झिंक असलेलं मलम नाकाला नको, तो ते चाटून पोटात घेणार. ओठ दुखत असेल तर कोरडं खाणं बंद, भाताची पेज किंवा भिजवून मऊ केलेलं द्या, आणि भांडं थोडं उंचावर ठेवा. प्रेडनिसोलोनवर तो पाणी ढोसेल आणि रात्री दोनदा बाहेर जायला मागेल. ती औषधाची करणी आहे, पाणी तोडू नका.

लोमुस्टिनच्या पहिल्या डोसनंतर साधारण सातव्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ठरलेलीच समजा, कुत्रा कितीही टवटवीत दिसला तरी. पांढऱ्या पेशी त्या सुमारास तळाला जातात. घरात थर्मामीटर आणून ठेवा. त्या आठवड्यात ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा त्याने ताटाकडे पाठ फिरवली, तर रविवार असो की रात्र, डॉक्टरांना उठवा.